सोलापुरातले कॅसेटवाले काका : टेप कॉपी ठीकठाक, अर्धवट आठवणारा सिनेमा ओळखण्यात मात्र बाप माणूस

आधी पत्ता, कारण मॅपवर हे दुकान सापडत नाही. सोलापुरात पूर्व भागात कन्ना चौकात उतरायचं आणि कुणालाही कॅसेटवाले काका विचारायचं, बस. बोर्डवर मोबाइल रिपेअरिंग लिहिलंय आणि पुढच्या काउंटरवर त्यांचा मुलगा खरंच मोबाइल दुरुस्त करतो, पण त्याच्या मागे पडदा आहे आणि पडद्याच्या मागे काकांचं राज्य. छतापर्यंत कॅसेटी. ऑडिओ, व्हिडिओ, व्हीसीडीचे गठ्ठे, आणि टेबलावर तीन व्हीसीआर, त्यातला एक कायम पोट उघडून ठेवलेला.

आम्ही गेलो होतो ताईच्या लग्नाची कॅसेट पेन ड्राइव्हवर घ्यायला. लग्न 1994 चं, व्हीएचएसवर शूट केलेलं, आणि आमच्या घरातला व्हीसीआर कधीच भंगारात गेला. नवीन घ्यावा तर कंपन्यांनी बनवणंच बंद केलंय, शेवटची जपानी फुनाई कंपनी उरली होती तिनेही 2016 ला हात टेकले. पुण्यात एका ठिकाणी विचारलं तर त्यांनी कॅसेट नुसती हलवून बघितली आणि बुरशी आहे म्हणून परत दिली. मग मामेभावाने ह्या काकांचं नाव सांगितलं, म्हटलं चादरी घ्यायला सोलापूरला जायचंच आहे तर आईलाही घेऊन जाऊ.

टेपच्या कामाबद्दल आधी सांगून टाकते, कारण बरेच जण त्यासाठीच वाचत असणार. काम प्रामाणिक आहे. कॅसेट आल्या आल्या मशीनमध्ये घालत नाहीत, आधी कडेचं छोटं बटण दाबून झाकण उचलतात आणि टॉर्चने रिळाच्या कडा बघतात, तिथे पांढरं पावडरीसारखं काही दिसलं की ती बुरशी. मग स्क्रू काढून रीळ दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवतात, एका फालतू व्हीसीआरवर (तो ह्याच कामासाठी ठेवलाय, त्याचं काही झालं तरी चालतं) टेप पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवतात म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात, आणि मग चांगल्या मशीनवर. मध्ये मध्ये हेड (मशीनमधला टेप वाचणारा भाग) पुसतात. टेप जेवढ्या तासांची तेवढेच तास लागतात, तीन तासांच्या कॅसेटला तीन तास, ह्याला शॉर्टकट नाही, त्यामुळे 'संध्याकाळपर्यंत द्या ना' वगैरे घाई करू नका. आमच्याकडून कॅसेटमागे साडेतीनशे घेतले, बुरशीवालीला पाचशे.

तक्रार एक आहे आणि ती मोठी आहे. फाइल घरी येऊन टीव्हीला लावली तर सगळी वरात आडवी ताणलेली, जुना चौकोनी फ्रेम त्यांनी हल्लीच्या रुंद टीव्हीच्या मापाला खेचून दिला होता, नवरदेव आमचे तसे मुळातच भरलेले, त्यात हे. मोबाइलवर फोटो पाठवून सांगितलं तर म्हणे लोकांनाच तसं पाहिजे असतं, बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या की पैसे कापले म्हणतात. नीट करून परत दिलं, पैसे नाही घेतले. पण तुम्ही जाल तेव्हा आधीच सांगा की चौकोनीच ठेवा. आणि पावती देत नाहीत. मागितली तर सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहून देतात.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी एवढं टाइप करत बसले.

आमच्या आईला एक सिनेमा हवा होता. कित्येक वर्षांपासून. आम्ही तेव्हा कुर्डुवाडीला राहायचो आणि दूरदर्शनवर रविवारी दुपारी ते मूक-बधिरांच्या बातम्या झाल्या की कुठल्यातरी भाषेतला सिनेमा लागायचा, कधी बंगाली कधी मल्याळम कधी आसामी, खाली इंग्रजी अक्षरं. घरातले सगळे तेव्हा आडवे झालेले असायचे, आई एकटी निवडायला काहीतरी घेऊन बसायची आणि बघायची. भाषा कळायची नाही, इंग्रजी पाटी वाचून होईपर्यंत निघून जायची, मध्ये लाईट जायची. तर त्यात एक सिनेमा होता लहान मुलाचा. मुलगा संगीतातला, भयंकर हुशार. त्याचा गुरू मोठा गवई, पण तोच पोरावर जळायला लागतो. गुरूच्या बायकोला मूल नसतं, ती ह्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करते. आणि ह्याच सिनेमात, आईच्या म्हणण्याप्रमाणे, तो मुलगा हातात व्हायोलिनची पेटी घेऊन चाललेला असतो आणि रस्त्यावर लाल रंगाचा रोडरोलर असतो. आणि एक गाणं, त्यात 'आनंदी' असं काहीतरी होतं.

एवढ्यावर शोधा.

शोधलं की आम्ही! फोनमध्ये ते गुणगुणून गाणं ओळखायचं असतं त्यावर आईला गुणगुणायला लावलं, तिला मुळात मशीनसमोर गायची लाज, त्यात ते दर वेळी वेगळंच काहीतरी दाखवायचं. 'आनंदी' घालून सर्च केलं तर बालकवींचं 'आनंदी आनंद गडे' समोर, दुसरं काय येणार. मग भाच्याने चॅटबॉटला विचारलं. त्याने गुरू जळतो एवढंच धरून आधी लकी अलीचा 2002 चा 'सूर' सांगितला, त्यात शिष्या चांगली मोठी मुलगी आहे. नाही म्हटल्यावर मोहनलालचा 1991 चा 'भरतम', तिथे जळणारा थोरला भाऊ आहे. तरी नाही म्हटल्यावर रोडरोलर, व्हायोलिन, गुरू, गुरुपत्नी सगळं घालून एक अख्खा सिनेमा रचून दिला, दिग्दर्शकाच्या नावासकट, आणि तो सिनेमा जगात अस्तित्वातच नाही! वर आईचं कौतुक, की तुमची स्मरणशक्ती छान आहे. आई म्हणाली ह्याच्यापेक्षा आपला वाणी बरा, नसेल तर नाही म्हणतो.

तर काका टेपची बुरशी बघत होते आणि आईने सहज भिंतीवरच्या कॅसेटी बघून विचारलं, भाऊ तुमच्याकडे असा असा एक सिनेमा आहे का हो. पूर्व भागातले बरेचसे लोक मूळचे तेलंगणातले विणकर, पद्मशाली, घरात तेलुगू आणि बाहेर सोलापुरी मराठी, काकाही तेच. पूर्वी त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती आणि दिवसभर मागावर काम करून आलेली माणसं रात्री तेलुगू पिक्चर भाड्याने न्यायची, त्यामुळे गिऱ्हाइकाला नाव आठवत नाही हा प्रकार त्यांना रोजचा.

आई गोष्ट सांगायला लागली तर त्यांनी हातच वर केला. "स्टोरी नको अक्का. स्टोरी सगळ्यांना चुकीचीच आठवतेय. मी विचारतो तेवढंच सांगा."

आणि मग विचारलं काय तर, कुठल्या घरात असताना बघितलं? कलर टीव्ही आला होता का? तेव्हा पोरं कितवीला होती? ह्या तीन प्रश्नांत साल 1992 च्या पुढे आलं. मग बायकांच्या साड्या कशा नेसलेल्या, कपाळाला काय, घरात जमिनीवर बसून जेवतात का टेबलावर. गुरू दिसायला कसा? आई म्हणाली देखणा, पण रागावला की भीती वाटायची. "तो नंतर अजून कशात बघितला का?" आई थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, आंबेडकरांसारखा वाटतो हो. आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघायला लागलो, म्हटलं ही काय बोलतेय, पण काका टेबलावर थाप मारून हसायला लागले. जब्बार पटेलांच्या सिनेमात बाबासाहेब झालेला तो मम्मूटी! त्याला नॅशनल अवॉर्ड मिळालं त्या रोलला.

"आणि पोरगं? पोरगं ओळखीचं वाटलं का?"

वाटलेलं, म्हणे. तेव्हाच वाटलेलं. पण कुठलं ते...

काकांनी तोंडाने 'ता ना ना, ताना नाना ना' सुरू केलं आणि आई ओरडलीच, "मालगुडीचा स्वामी!"

तोच. मास्टर मंजुनाथ. शंकर नागच्या 'मालगुडी डेज'मधला स्वामी, आणि अमिताभच्या 'अग्निपथ'मध्ये मांडव्यातला लहानपणीचा विजय चव्हाणही हाच पोरगा. सिनेमाचं नाव 'स्वाती किरणम', 1992 चा, तेलुगू, दिग्दर्शक के. विश्वनाथ, म्हणजे 'शंकराभरणम'वाले. गुरूच्या बायकोच्या कामात राधिका. संगीत के. व्ही. महादेवन यांचं.

पण रोडरोलर? ह्यात कुठला रोडरोलर, असं काका म्हणाले. आई हट्टाला पेटली, होताच, लाल होता, मी डोळ्यांनी बघितलाय. काकांनी शांतपणे विचारलं, रोलर चालवणारा माणूस काळा का गोरा? आई म्हणाली गोरा. मुलगा? मुलगाही गोरा. पाऊस होता का? हो, रस्ता ओला होता, पाणी साचलेलं. "मग अक्का, हे दोन पिक्चर हायत. तुमी एकात एक घातलालाव. तो दुसरा आपला न्हाई, रशियन असंल, पूर्वी टीव्हीवर लई दाखवायचे. तो तुमी फोनवर बघा, रोलर आणि व्हायोलिन टाकलं की येतंय."

आणि खरंच आलं! दुकानात बसल्या बसल्या, पहिल्याच शोधाला. रशियन दिग्दर्शक तारकोव्स्कीचा 'द स्टीमरोलर अँड द व्हायोलिन', 1960 मध्ये केलेला, आणि तोही त्याच्या मॉस्कोच्या फिल्म स्कूलच्या शेवटच्या वर्षाचा डिप्लोमा सिनेमा, पाऊण तासाचा. साशा नावाचा छोटा मुलगा व्हायोलिन शिकायला जातो, गल्लीतली पोरं त्याला छळतात, आणि रोलर चालवणारा सर्गेई त्याला एका दिवसापुरता दोस्त करून घेतो. म्हणजे बघा, आम्ही इतकी वर्षं दोन सिनेमे एकत्र शोधत होतो, एक हैदराबादकडचा आणि एक मॉस्कोचा, दोन्हींत लहान वयाचा संगीतातला मुलगा आणि त्याच्यावर एका मोठ्या माणसाची सावली, म्हणून आईच्या डोक्यात ते शिवले गेले. नुसता रोलर शोधला असता तर सापडला असता. नुसता गुरू शोधला असता तरी कदाचित सापडला असता. दोन्ही मिळून शोधलं की जगातलं कुठलंही यंत्र गंडणारच, आणि कुठल्याही यंत्राने उलट विचारलं नाही की बाई गं, माणूस गोरा होता का.

मग काकांनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून ऑडिओ कॅसेट काढली, पेन्सिलने ढिला पडलेला वेढा आवळला, फुंकर मारली (हेड पुसायला आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरणारा माणूस कॅसेटवर फुंकर मारतो, असो) आणि गाणं लावलं. 'आनतिनीयरा हरा'. आईचं 'आनंदी' ते हे. आई म्हणाली "हेच, हेच!" आणि पुढच्या काउंटरवरचा मुलगा आवाज कमी करा म्हणून ओरडला कारण त्याचं कस्टमरशी बोलणं चाललेलं.

आता ह्या गाण्यात एक गंमत आहे जी मला तिथेच कळली. पडद्यावर गातो मुलगा, पण आवाज बाईचा आहे, वाणी जयराम यांचा. ह्याच गाण्याला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो त्यांचा तिसरा. वाणी जयराम म्हणजे 'गुड्डी'मधलं 'बोले रे पपीहरा' हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांना पुढे आणलं आपल्या वसंत देसाईंनी, आणि त्याच देसाईंच्या चालीवर कुमार गंधर्वांबरोबर 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' गाणाऱ्याही ह्याच. ते गाणं आमच्या घरात रेडिओवर लागलं की आई गॅस बारीक करते. म्हणजे आवाज रोजच्या ओळखीचा, गुरू आंबेडकरांच्या सिनेमातला, मुलगा मालगुडीचा, तिन्ही माणसं आईला वेगवेगळी पक्की माहीत होती आणि एकत्र सिनेमा मात्र सापडत नव्हता.

काकांनी अजून एक सांगितलं, आणि हे मी नंतर तपासलं, बरोबर आहे. विश्वनाथ गेले 2 फेब्रुवारी 2023 ला आणि वाणी जयराम गेल्या 4 फेब्रुवारीला, त्यांना पद्मभूषण जाहीर होऊन महिनाही झाला नव्हता. हे सांगताना काका कॅसेटचं कव्हर पुसत होते आणि म्हणाले दोन दिवस दुकान उघडलं तरी काम केलं नाही, नुसत्या ह्यांच्याच कॅसेटी वाजवल्या. मुलाने मागून सांगितलं, दोन नाही, आठवडाभर.

दोन्ही सिनेमे आम्ही घरी येऊन बघितले. 'स्वाती किरणम' आजही बघवतो, गाणी खूप आहेत आणि काही ठिकाणी ताणलंय, पण मम्मूटीचं काम बघायलाच पाहिजे. आपल्यापेक्षा मोठं काहीतरी आपल्याच घरात, आपल्याच बायकोच्या हातचं जेवतंय हे कळलेल्या माणसाचा चेहरा. शेवट सांगत नाही, फक्त लहान मुलांना घेऊन बसू नका, तो आनंदी नाही. रशियन सिनेमा आईला आता तेवढा नाही आवडला. तिला आठवत होतं की मुलगा शेवटी त्या रोलरवाल्याबरोबर सिनेमाला जातो, आणि प्रत्यक्षात त्याची आई त्याला सोडतच नाही, घरात अडकवून ठेवते. आमची आई त्या आईवर अजून चिडलेली आहे.

काकांनी ह्या सगळ्याचे पैसे घेतले का, तर शून्य. उलट चहा त्यांचा. मी म्हटलं अहो काका बोर्डवर लिहा ना, सिनेमा ओळखून मिळेल. तर म्हणाले, "लिवलं की पैसे घ्यावे लागतेत, पैसे घेतले की न सापडलेल्याचं भांडण." त्यांच्याकडे एक वही आहे, अजून न सापडलेल्या सिनेमांची, गिऱ्हाइकाच्या शब्दांतच लिहिलेली. मी दोन पानं वाचली. 'बाई ट्रेनमधून उतरते आणि चप्पल आतच राहते.' 'हिरोला एक कान ऐकू येत नाही पण कुणाला सांगत नाही, कानडी?' 'सर्कस, पण जनावरं नाहीत.' तुमच्यापैकी कुणाला ओळखता आले तर काकांना जाऊन सांगा, फार खूश होतील. फोन करू नका, उचलत नाहीत.

गाडी चौकातच लावा, आत गल्लीत रिक्षाही नीट वळत नाही. दुपारी दोन ते चार पडदा ओढून झोपतात. उन्हाळ्यात टेपचं काम बंद ठेवतात, त्या खोलीत मशीन तापतं आणि काकाही.

आणि कॅसेट नेताना आत काय आहे ते आधी नीट विचारून घ्या घरात. आमच्या एका कॅसेटवर सुवाच्य अक्षरात 'शुभविवाह' लिहिलेलं, काकांनी लावली, मंगलाष्टकं झाली, सप्तपदी सुरू झाली आणि चौथ्या पावलाला एकदम बंगलोरचं स्टेडियम, 1996 ची वर्ल्डकपची क्वार्टर फायनल आणि अजय जडेजा वकार युनिसला धुतोय. लग्नावरच टेप केलेली. जिजाजी म्हणतात मी नाही, दादा म्हणतो मी नाही, आणि बाबांनी त्या दिवसापासून विषयच बदलायला सुरुवात केलीय.